शेपूच्या वाफ्यातले शेलार भावोजी

माझ्या घरापुढच्या शेपूच्या वाफ्यात दर रविवारी सकाळी एक गृहस्थ एका पायावर उभे असत. दुसरा पाय अर्धा उचललेला, मान पुढे, डोळ्याला कॅमेरा आणि श्वास बंद. इमारतीत नव्यानं राहायला आलेली बाई हे बघून आधी दचकायची, मग मला हळूच विचारायची, "बाहेरची बाधा वगैरे आहे का हो त्यांना?" मी सांगायची, "छे हो, ते आमचे शेलार भावोजी. दुसरा पाय टेकला तर माशी उडेल, म्हणून थांबलेत."

सदाशिव शेलार आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर प्रत्येकाच्या दारापुढे वीतभर जमीन होती. कुणी तिथं तुळस लावली, कुणी सायकल. मी शेपू आणि कोथिंबीर लावली, आणि ती खाण्यासाठी लावली, हे इथं स्पष्ट सांगून ठेवते. कारण भावोजींना ते कधीच पटलं नाही. शेपू हे फुलझाड आहे आणि काही अडाणी लोक त्याची भाजी करतात, असं त्यांचं मत होतं. मी जुडी खुडायला बसले रे बसले की ओट्यावरून हाक यायची, "वहिनी, घाई नको! फुलावर येऊ दे!" फुलावर आलेल्या शेपूला गायसुद्धा तोंड लावत नाही. पण आमच्या ह्यांना शेपूचा वास सोसत नसे, त्यामुळे या बाबतीत ते भावोजींना फितूर. दोघांनी मिळून माझा वाफा कायमचा फुलावर ठेवला.

भावोजी आणि आमचे हे एकाच कंपनीत. हे मशीनवर, भावोजी इन्स्पेक्शनला. मशीनवरून आलेला नग ड्रॉइंगबरहुकूम आहे की नाही ते बघायचं आणि त्याला चिठ्ठी बांधायची. ओके, रिजेक्ट किंवा होल्ड. सगळ्या कंपनीत भावोजींच्याच टेबलावरच्या होल्डच्या चिठ्ठ्या आधी संपतात, असं हे सांगायचे. पुरती खात्री झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून हो निघत नसे आणि नाहीही निघत नसे. एकदा जेवायला बोलावलं तेव्हा मी विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" त्यांनी दोन भुरके मारले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "होल्डवर ठेवा. भाताबरोबर बघू."

आता त्या माशीबद्दल. गुळावर बसते ती ही नव्हे. शेपूच्या, गाजराच्या, कोथिंबिरीच्या फुलांवर एक पिवळी-काळी पट्टेवाली येते, हवेत एकाच जागी थांबून राहते, आणि आपण "मधमाशी, मधमाशी" करत पदर झटकतो. पहिल्या खेपेला मीही झटकला. भावोजी ओट्यावरून धावत आले. मला वाटलं, मला वाचवायला. ते म्हणाले, "अहो वहिनी, लागेल तिला!"

मग त्यांनी मला समजावलं. मधमाशीला पंख चार, हिला दोन. हिला नांगी नाही. "नुसता युनिफॉर्म आहे, वहिनी. आपला गेटवरचा वॉचमन बघा. मिशा आहेत, दंडुका आहे, पण आजवर कुणाला मारलंय का त्यानं?"

ते तिला फुलमाशी म्हणत. आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपण ज्यांना एकच समजतो त्या फुलमाश्या नाना तऱ्हेच्या असतात. एकीचे पट्टे सलग, दुसरीचे मध्ये तुटके. एकीच्या डोळ्यांवर बारीक लव, दुसरीचे डोळे गुळगुळीत. एकीची मागची मांडी जाड, दुसरीची सडपातळ. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटले असतील तर तो नर, मध्ये अंतर असेल तर मादी. हे सगळं ज्वारीच्या दाण्याएवढ्या जिवात, आणि तोही फोटोत. भावोजी ओट्यावर फोटो मांडून भिंग लावून बसायचे. कुणी विचारलं, "काय शेलार, सापडली का?" की उत्तर ठरलेलं, "घाई नको, आधी पाय बघू." इमारतीतले लोक म्हणायचे, हा माणूस रविवारभर माश्या मारतो. यावर मात्र ते खरोखर रागवायचे. "एकही मारलेली नाही," असं ते गंभीरपणे सांगायचे, म्हणजे लोक आणखी हसायचे.

कॅमेरा जुनाच होता. त्याच्या भिंगापुढे बसवायला एका लेथवाल्या मित्राकडून त्यांनी पितळेची नळी करून घेतली होती. तिच्यामुळे माशी मोठी दिसे आणि माणूस अजिबात दिसत नसे. हे आम्हाला आमच्या मुलीच्या वाढदिवसाला कळलं. भावोजींनी आपण होऊन फोटो काढायचं कबूल केलं, आम्ही खूश. फोटो आले तेव्हा त्यात दाराच्या झेंडूच्या तोरणावरची एक फुलमाशी होती, समोरून, बाजूनं आणि वरून. एका फोटोच्या कोपऱ्यात धूसर काहीतरी होतं. तो मुलीचा कान आहे असं भावोजी म्हणाले आणि आमचे हे म्हणाले, करंजी आहे. आम्ही तो अजून जपून ठेवला आहे.

रोल धुवायला जायचे पिंपरीतल्या नसीरभाईंच्या स्टुडिओत. नसीरभाई म्हणजे जिभेवर साखर असलेला माणूस, पण भावोजींचं नाव काढलं की त्यांचाही तोल जायचा. "भाभी, बत्तीस साल का तजुर्बा है माझा. दुल्हे काढले, दुल्हनी काढल्या, पुढारी काढले. आणि हे शेलारसाहेब रोल देतात, त्यात आदमी एक भी नहीं! सगळ्या माश्या! अंधाऱ्या खोलीत एकटा बसून मी माश्या सुकायला टांगतो. माझी बायको विचारते, धंदा बदलला का?"

त्या काळात आमच्याकडे सगळे फोटो काळे-पांढरे. पिवळं काय आणि नारिंगी काय, कागदावर सारखंच राखाडी. म्हणून भावोजींची एक पद्धत होती. फोटो हातात आला की लगेच उलटायचा आणि मागे पेन्सिलीनं लिहून टाकायचं. काय दिसतं ते आधी, काय दिसत नाही ते नंतर, आणि शेवटी निकाल. निकाल बहुतेक वेळा होल्डच असायचा. पुण्यातल्या एका प्राध्यापकांना त्यांनी सारख्या दिसणाऱ्या दोघींचे फोटो दाखवले, तर ते म्हणाले, फोटोवरून या दोघी वेगळ्या करता येणार नाहीत, मारून टाचणीला लावून आणा. प्राध्यापक चुकीचं बोलत नव्हते, हे भावोजींनाही मान्य होतं. पण घरी येऊन ते म्हणाले, "वहिनी, ओळख करून घ्यायची म्हणून कुणी जीव घेतं का? राहू दे होल्डवर."

शास्त्रातली नावं मिळेनात, म्हणून त्यांनी इमारतीतलीच नावं दिली होती. एक होती जोशीबाई, आणि तिच्यासारखीच पण पट्टा तुटका असलेली ती जोशीबाईंची बहीण. वरच्या मजल्यावरच्या हेडक्लार्कांच्या नावाची एक होती, ती सारखी पाय चोळायची. एकीचं नाव "वहिनी" आहे असं मुलीकडून कळलं, तेव्हा मी आधी सुखावले. म्हटलं, शेपू सोडत नाही म्हणून असेल. भावोजींना विचारलं तर ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "मागची मांडी जाड आहे." आठवडाभर मी त्यांना चहा दिला नाही. का दिला नाही, ते त्यांना कळलंही नाही.

असे हे भावोजी चाळिशी उलटून गेले तरी बिनलग्नाचे. आधी भाच्यांची शिक्षणं, मग दुसरंच काही, मग कुणी विचारेनासं झालं. फक्त सांगवीत दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, हात टेकले नव्हते. एका रविवारी त्या फोटो घेऊन आल्या आणि थेट माझ्या ओट्यावर बसल्या.

"सदा, ह्यो फोटू बघ. काळेवाडीची हाय. विमल नाव. शिवनकाम करती, भावाकडं ऱ्हाती. वयानं तुला शोभंल. आन् होल्ड-बिल्ड मला सांगू नगंस, मी फुडल्या ऐतवारी येनार, तवा व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन."

फोटो नसीरभाईंच्याच स्टुडिओतला. बाई टेबलामागे बसलेली, टेबलावर प्लॅस्टिकच्या फुलांचा मोठा कुंडा, आणि कुंड्यावरून रोखून बघणारे दोन मोठे डोळे. भावोजींनी फोटो घेतला आणि आत निघून गेले.

त्या आठवड्यात मी एक चमत्कार बघितला. भावोजींनी खोलीला चुना काढला. खिडकीला पडदा आला. गुरुवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, दोन माणसांच्या स्वयंपाकाला भांडी साधारण काय काय लागतात?" मी सांगितली. त्यांनी ती पुटपुटत पाठ केली. रविवारी आक्का आल्या तेव्हा त्यांनी फोटो पाकिटात घालून परत दिला आणि कान लाल करून म्हणाले, "ठीक आहे म्हणून सांग." आक्का तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघतच राहिल्या. शेलारांच्या तोंडून पहिल्या फटक्यात ओके निघाल्याचं कळल्यावर आमच्या ह्यांनी कंपनीत पेढे वाटायचं ठरवलं.

पेढे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का वाऱ्यासारख्या आल्या. आम्ही तिघं ओट्यावर चहा घेत होतो. पाकीट भावोजींच्या मांडीवर आदळलं.

"काय ल्हिलंस रं मुडद्या मागं? मला वाचता येत न्हाई म्हून माज्याच हातनं धाडलंस व्हय? तिच्या भावानं समद्या पावन्यांत फोटू उलटा केला!"

भावोजींनी फोटो उलटला आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मी फोटो घेतला आणि वाचला. त्यांचं ते सुबक पेन्सिलीचं अक्षर. "डोळे मोठे, मध्ये अंतर. मादी. रंग फोटोवरून सांगता येत नाही. पाय दिसत नाहीत. पाठीमागून फोटो हवा. होल्ड."

आमच्या ह्यांच्या नाकातून चहा आला. मला हसू आवरेना, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. भावोजी पुटपुटत होते, "पाकिटं सारखीच होती, वहिनी. माश्यांचे बघत होतो, त्यात हा आला. हात चालू होता. नंतर कितीदा तरी बघितला, पण पुढूनच हो."

"हसताय काय?" आक्कांचा आवाज एकदम खाली आला. "पोरीचा येक पाय अधू हाय. ल्हानपनी ताप आला, तवाचा. आधी सांगितलं की समदे उठून जात्यात, म्हून भावानं ठरवलं, जमल्यावर सांगू. म्हून तर त्ये टेबल आन् कुंडा फुडं ठिवला व्हता. मला बी आजच कळलं. त्येंना वाटलं, ह्येनं वळखलं आन् टिंगल क्येली."

माझं हसू तिथल्या तिथं विरलं. चहाचे कप तसेच राहिले.

"आता?" मी विचारलं.

"आता काय! भाऊ म्हनतो, मोडलं. पोरगी म्हनती, त्या मान्साला घिऊन या, मला त्येला बघायचंय."

"जाऊ," भावोजी म्हणाले. इतक्या झटकन त्यांनी आजवर कशालाच उत्तर दिलं नव्हतं.

आक्का गेल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "भावोजी, पायाचं ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"वहिनी, त्यांनी ते उलटून वाचलं असेल तेव्हा..." एवढं बोलून ते थांबले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत आपल्या खोलीत गेले.

पुढच्या सुट्टीला आम्ही नदी ओलांडून काळेवाडीत गेलो. पुढे आक्का, मागे आम्ही दोघं, आणि सगळ्यांत मागे इस्त्रीच्या शर्टात भावोजी. त्यांच्या दोन्ही खिशांत काहीतरी फुगलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "पुरावा." विमलच्या भावानं आम्हाला बसायला सतरंजी टाकली आणि स्वतः दारात हाताची घडी घालून उभा राहिला. या बसा नाही, पाणी नाही. सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मग आतून विमल आली. अशा वेळी आत कुणीतरी असतंच ट्रे आणून द्यायला, पण ती कुणाला हात लावू देईना. स्वयंपाकघराच्या दारापासून सतरंजीपर्यंत ती एकटीच चालत आली, एक पाय ओढत, सावकाश. कप बशांवर वाजत होते. ट्रे खाली ठेवून ती सरळ भावोजींपुढे उभी राहिली.

"तुम्हाला पाय बघायचे होते ना? हे बघा. खिडकी उघडून ठेवलीय, रंगही नीट बघून घ्या. आणि पाठीमागून बघायचं असेल तर थोडं थांबा, आत जाताना दिसेन."

भावोजी उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही खिसे सतरंजीवर रिकामे केले. फुलमाश्या! पन्नासेक तरी फोटो असतील. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक फोटो उलटा करून मांडू लागले.

"मी... हे बघा. सगळ्यांना असंच लिहितो. हिचे पण पाय दिसत नाहीत. हिचा पण रंग कळत नाही. ही पण मादी. मी चेष्टा केली नाही हो. मला तुमचं काहीच माहीत नव्हतं."

विमल भिंतीला धरून खाली बसली. तिनं एक फोटो उचलला, पुढून बघितला, मागून वाचला. मग दुसरा, मग तिसरा. "डोळे मोठे, मध्ये अंतर, मादी," ती मोठ्यानं वाचू लागली. "तोंड फुलात खुपसलेलं, दिसत नाही. होल्ड." तिच्या ओठांवर हसू यायला लागलं. "मागची मांडी जाड. वहिनी, नक्की." तिनं विचारलं, "ही वहिनी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमचे हे कॅलेंडरकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. विमलला हसू फुटलं ते थांबेचना. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आक्का हसायला लागल्या, आणि मग, काय करणार, मीही हसले. दारातल्या भावानं हाताची घडी सोडली आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी आणलं.

हसणं ओसरल्यावर सगळेच जरा अवघडले. आक्कांनी रीतीप्रमाणे सांगितलं, "इचार सदा, काय इचारायचं ती." अशा वेळी विचारतात तेच सगळ्यांना अपेक्षित होतं. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, देवाधर्माचं काय.

भावोजी फोटो गोळा करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुम्ही संध्याकाळी घरी असता?"

"असते. मशीन घरीच आहे. का?"

"तसं काही नाही." त्यांनी फोटोंची चवड सतरंजीवर आपटून सारखी केली, पुन्हा सारखी केली. "मी शिफ्टवरून येतो, तेव्हा कुलूप बाहेरून काढतो. इतकी वर्षं बाहेरूनच काढतोय. शेजारच्या वहिनींकडे यांनी कडी वाजवली की आतून 'आले, आले' ऐकू येतं. मी तेव्हा किल्ली हातात घेऊन उगाच थोडा वेळ उभा राहतो. आपलंही दार एकदा आतून उघडावं, असं वाटतं. बाकी मला काही विचारायचं नाही."

भिंतीपलीकडचा तो माणूस रोज माझ्या "आले, आले"साठी उभा राहत होता, आणि मी त्याला शेपूवरून बोल लावत होते. माझे डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत.

विमल खाली बघत सतरंजीचा धागा ओढत होती. तिचा मघाचा ठसका कुठं गेला होता कुणास ठाऊक. हळू आवाजात ती म्हणाली, "मला दारापर्यंत यायला वेळ लागतो."

"लागू दे," भावोजी म्हणाले. "मी थांबेन."

मग आक्कांनी नाक ओढलं, लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "अरं, बगत काय ऱ्हायलाय समदे? साकर आना की कुनीतरी."